आत्याबाई पाणी पीत नव्हत्या

आमच्या संडासाची टाकी आवाज मोठा करायची आणि काम काडीचं करायची नाही. साखळी ओढली की वर भिंतीवरची लोखंडी टाकी गडगडायची, नळीतून पाणी धावत खाली यायचं, भांड्यात गोल फिरायचं, काठापर्यंत चढायचं आणि मग उपकार केल्यासारखं सावकाश खाली बसायचं. जे न्यायचं ते तिथंच. भिंतीपलीकडच्या शेजारणीला तो आवाज ऐकून वाटायचं, काय थाट आहे या घरात. थाट कसला, दर वेळी मागून बादली ओतावी लागायची, आणि कित्येकदा एका बादलीनंही भागायचं नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझा नवरा कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होता. पहाटेच्या बसनं जायचा आणि दुपार कलल्यावर कपड्यांवर राख घेऊन परतायचा. मी शाळेत शिकवायची. आमच्यासोबत माझ्या सासूबाई होत्या, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उत्तर नागपुरात दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा नवऱ्यानं एकच हट्ट धरला, संडास घराच्या आत पाहिजे आणि साखळीचा पाहिजे. नातेवाइकांनी नाकं मुरडली. स्वयंपाक करता तिथून चार पावलांवर हे काय, म्हणाले. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. त्याच्या आईचे गुडघे गेले होते, आणि तिचा जन्म वस्तीच्या टोकाशी डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात गेला होता. तिला धरून बसता-उठता यावं म्हणून त्यानं भिंतीत लोखंडी दांडा बसवून घेतला. तो दांडा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायचा. मला त्याची लाज वाटायची, कारण पाहुणे तेव्हा चहा पीत असायचे.

वर्षभर सगळं ठीक चाललं. मग हळूहळू पाणी मंदावलं, आणि उन्हाळा लागेपर्यंत रोजची कटकट झाली. नळाला पाणी सकाळी तेवढं येई, तेही करंगळीएवढ्या धारेनं. भरलेल्या बादल्या स्वयंपाकाला पुरवायच्या की संडासाला, हा प्रश्न रोज माझ्यापुढे. मी चिडचिड करायची. मला राग आधी येतो, काळजी मागून येते.

काळजी आली ती आत्याबाईंच्या ताटाकडे बघून. आधी भाकर अर्धी झाली. मग रात्रीचं जेवण ‘भूक नाई’ म्हणून टळायला लागलं. पाणी तर त्या नुसतं ओठाला लावायच्या. बाहेर लू चाललेली, कूलर गरम हवा फेकतोय, आणि या बाईच्या ओठांना भेगा. मी पन्हं करून समोर ठेवलं, तर ‘पेतो ना वं, ठेव थे तिथं’ म्हणाल्या. संध्याकाळी पाहते तर पेला रिकामा आणि अंगणातल्या सदाफुलीच्या कुंडीत कैरीचा गर. मला असा संताप आला की मी दोन-चार शब्द बोलून गेले.

एके दिवशी दुपारी त्या अंगणाच्या दारात कोसळल्या. डॉक्टर आले. त्यांनी आत्याबाईंच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. ‘यांच्या अंगात पाणीच उरलेलं नाही,’ ते आम्हाला बाहेर नेऊन म्हणाले. ‘औषधाचं काम नाही हे. खायला-प्यायला लावा. असंच चाललं तर म्हातारी हा उन्हाळा काढणार नाही.’

नवरा जाऊन आईच्या खाटेशी बसला.

‘माय, तू पानी काहून नाई पेत वं?’

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाल्या, ‘जेवढं आत जाते तेवढं भाईर येते, बाबू. आन् थे जात नाई.’

इतकंच. पुढे किती विचारलं तरी तोंड उघडलं नाही. पण आम्हाला कळायचं ते कळलं. संडास सुधारल्याशिवाय या बाई घोटभर पाणी पिणार नव्हत्या, आणि पाणी प्यायल्याशिवाय त्या वाचणार नव्हत्या. नवऱ्यानं सुट्टी टाकली.

इथं एक सांगायला हवं. पाणी मंदावल्यापासून नवरा रोज पहाटे ड्यूटीवर जाण्याआधी संडासात जाऊन भांडं मोकळं करायचा. हाताला जुनं फडकं गुंडाळून, भांड्याखालच्या वाकड्या वळणात जिथवर हात जाईल तिथवर घालून अडकलेलं काढायचा. मग कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. मला म्हणाला होता, ‘मायले सांगू नको.’ मी सांगितलं नव्हतं.

सुट्टी टाकल्यावर त्यानं सुरुवात केली ती वरून. टाकी त्याची लाडकी, त्यामुळे दोष टाकीचाच असणार. स्टुलावर चढून त्यानं झाकण काढलं. आतला तरंगता गोळा फार लवकर वर येऊन पाणी बंद करत होता, म्हणून त्यानं गोळ्याची दांडी वाकवली. टाकी आणखी भरायला लागली. आवाज वाढला, बाकी काही नाही. मग भांड्याच्या काठाखालची भोकं पाहिली. नळाच्या जड पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसून ती बुजली होती, म्हणून खिळ्यानं एकेक भोक टोकरलं. आता पाणी चहूकडून एकसारखं पडायला लागलं आणि तितक्याच एकसारखेपणानं जागच्या जागी राहिलं. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, टाकी अजून हातभर वर चढवा. त्यांचे मेहुणे म्हणाले, हवेचा नळ उंच करा. स्वतः बादली घेऊन संडासाला जाणाऱ्या लोकांकडे या विषयावर इतकी मतं असतील असं मला वाटलं नव्हतं.

नवरा टाकी चढवायला निघाला तेव्हा माझा तोल गेला.

‘वरचं सारं झालं न? आता खाली पाहा जरा. अंगणातलं झाकण उघडा.’

‘घान येइन भाईर.’

‘येऊ द्या. माय मरून राहिली तुमची.’

शब्द कडक होते, पण मला ते मागे घ्यावेसे वाटले नाहीत. तो पहार घेऊन अंगणात गेला.

संडासाचा नळ भिंतीबाहेर येऊन अंगणातल्या एका चौकोनी चेंबरात उतरायचा आणि तिथून पुढे सेप्टिक टँकमध्ये जायचा. झाकण उचललं. चेंबर तुंबलं असेल असं त्याला वाटत होतं, पण ते जवळजवळ कोरडं होतं. मी आतून बादली ओतली तर चेंबरात पाण्याचा एक बारीकसा ओघळ आला. म्हणजे पुढे काही बिघाड नव्हता. अडलं होतं ते भांडं आणि चेंबर यांच्या मधल्या हातभर-दोन हातांत. त्यानं बांबूची लांब कमची काढली, टोकाला चिंधी बांधली आणि चेंबरातून उलटी नळात सारली. थोडी गेली आणि थांबली. त्यानं जोर लावला, फिरवली आणि बाहेर ओढली.

चिंधी करड्या चिखलानं माखली होती. त्याला वाईट वास नव्हता म्हटलं तरी चालेल. त्यानं तो चिखल चिमटीत घेऊन चोळला. हे त्याचं रोजचं काम होतं. वीज केंद्रातली राख पाण्यात कालवून मोठाल्या नळांतून दूरच्या तळ्यात सोडतात, आणि पाणी कमी पडलं की राख नळातच बसून दगड होते. तो नळ मोकळा करणाऱ्यांपैकीच तो एक होता.

‘राख हाये,’ तो म्हणाला. ‘शेगडीची.’

तेव्हा मला आठवलं की मोरीजवळचा भांडी घासायच्या राखेचा डबा गेले कित्येक महिने रिकामा सापडत होता. मी समोरच्या बाईवर संशय घेतला होता, तिच्याकडे कोळशाची शेगडी नव्हती म्हणून.

आम्ही दोघं आत गेलो. आत्याबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवऱ्याच्या हातावरचा करडा चिखल त्यांनी पाहिला आणि पदर तोंडाशी नेला. मीच विचारलं, आवाज होता होईल तो मऊ ठेवून.

‘आत्याबाई, संडासात राख तुम्ही टाकता का?’

‘टाकतो ना वं.’

‘काहून?’

मग त्या बोलल्या, तुकड्यातुकड्यांनी, मध्ये दम खात. जुन्या वस्तीत टोपलीचे संडास होते. रोज सकाळी एक बाई यायची, टोपल्या उपसायची आणि डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात ते गळायचं, तिच्या कपाळावर, मानेवर. लुगड्याच्या पदरानं ती पुसत चालायची. आत्याबाई तेव्हा नवी सून होत्या. त्यांनी ते एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून शेगडीची राख जपून ठेवायला लागल्या. घरातलं कुणीही जाऊन आलं की मागून राख टाकायची. राख ओल शोषते. मग गळत नाही.

‘आपन दीक्षा घेतली,’ त्या म्हणाल्या. ‘आपल्या डोक्श्यावरचं उतरलं. तिच्या डोक्श्यावर तसंच राह्यलं. मी आनखी काय करू शकत होती? राख टाकत होती.’

‘माय, पन इथं तर कोनी नेतच नाई,’ नवरा म्हणाला. ‘इथं पान्यानंच जाते.’

‘पयले जात होतं. तवा मी नाई टाकली. मोरीतली राख मोरीत.’ त्या थांबल्या. ‘मंग एक दिस पोटात कळ आली म्हनून साखरझोपेतून उठली. तू आत बसला होता. हात आत घालून.’

‘माह्या पोराच्या हाताले लागू नाई म्हनून टाकत होती मी. आन् कमी खाल्लं तं कमी काढा लागन तुले.’

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाणी का मंदावलं ते आता कधीच नक्की कळणार नव्हतं. कदाचित काठाखालची भोकं बुजली म्हणून, कदाचित उन्हाळ्यात आम्ही पाणी जपून वापरायला लागलो म्हणून. पण त्यानंतर जे झालं ते मला दिसत होतं. तो हात घालायचा म्हणून त्या राख टाकायच्या, आणि त्या राख टाकायच्या म्हणून त्याला हात घालावा लागायचा. दोघंही एकमेकांपासून लपवून, एकमेकांसाठी. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

नवरा खाटेजवळ जमिनीवर बसला. म्हणाला, ‘लहानपनी माही घान कोन काढत होतं?’

‘थे अलग,’ त्या लगेच म्हणाल्या. ‘थे लेकराचं. माय करते थे. तुह्या बापानं गिरनीत रगत आटवलं थे तू असा हात घालावा म्हनून नाई.’

तो उठला आणि अंगणात गेला, आणि उरलेली दुपार त्या उन्हात चेंबरापाशी पालथा पडून नळ उकरत राहिला. मी आतून बादल्या ओतत होते. आधी करडा चिखल आला, मग ढेकळं आली, दगडासारखी, आत कोळशाचे खडे धरलेली. भांड्याखालच्या वळणातलं ढेकूळ काही केल्या सुटेना. त्यानं गरम पाणी ओतून, कमचीनं ठोकत ते फोडलं. शेवटी आतून ओतलेली बादली चेंबरात धाडदिशी उतरली आणि पुढे निघून गेली, तेव्हा तो तिथंच बसून राहिला. त्याच्या डोक्यावर मी ओला पंचा टाकला.

ऊन उतरल्यावर त्यानं आईला धरून अंगणात आणलं आणि उघड्या चेंबरापाशी खुर्चीवर बसवलं. त्या यायला तयार नव्हत्या. मी पाठीमागून जवळजवळ ढकललंच. मग तो आत गेला, स्वयंपाकघरातून कांद्याची टरफलं घेऊन भांड्यात टाकली आणि साखळी ओढली. टाकी गडगडली. भिंतीतून पाणी आलं, टरफलं घेऊन चेंबरातून वळलं आणि दुसऱ्या बाजूच्या नळात शिरलं. क्षणात सगळं कोरडं.

आत्याबाई वाकून पाहत होत्या.

‘आनखी एकडाव,’ त्या म्हणाल्या.

नळाला पाणी नव्हतं, म्हणून मी स्टुलावर चढून टाकीत बादलीनं पाणी भरलं. पुन्हा साखळी, पुन्हा पाणी, पुन्हा टरफलं. नवरा आतून बाहेर आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. दोन्ही हात त्यानं पुढे केले होते, कोरडे.

‘कोनाचाच हात नाई लागला,’ आत्याबाई म्हणाल्या. आम्हाला नव्हे, स्वतःशीच. त्यांचे डोळे अजून चेंबरावर होते. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘हे तिले दाखवाले पायजे होतं.’

कुणाला, हे आम्ही विचारलं नाही. ती बाई कुठे गेली, आहे की नाही, वस्ती सुटल्यापासून कुणालाच माहीत नव्हतं. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे हात केला.

‘पानी दे वं.’

मी आतून माठातलं पाणी गडवा भरून आणलं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, तोंडाला लावला, आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. नवरा तोंड फिरवून कुंपणाकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

‘आनखी दे,’ त्या म्हणाल्या.