ती कोणाकडे पाहत होती

"ही कोण हाय?" मैनामावशींनी विचारलं.

माझ्या एडिटिंगच्या खोलीत मॉनिटरवर नवरीचा चेहरा होता. स्वच्छ, रेखीव, मोत्यांच्या मुंडावळ्यांसकट. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या वर्षाचे डोळे तो बघूनच भरून आले होते.

"मावशे, आई हाय ना माही. तुही बहीण."

"माही बहीण मले मालूम नाही का? ही दुसरीच बाई हाय."

दोघी फोटोला चौकट पसंत करायला आल्या होत्या. चौकट राहिली बाजूला.

मी आदिलाबादमध्ये स्वतंत्र फिल्ममेकर आहे. स्वतंत्र म्हणजे, माझ्या सिनेमाची कोणी वाट पाहत नाही आणि मला कोणी अडवतही नाही. पोटासाठी लग्नं शूट करतो. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्यातूनच मला एक डॉक्युमेंटरी सुचली : सीमेवरच्या गावांमधली मराठी लग्नं, फक्त या जुन्या कॅसेटमधून दाखवायची. कॅमेरा हातात घ्यायचाच नाही.

वर्षाची कॅसेट त्यातलीच एक. वांकिडीत तिचं भाजीचं दुकान. ती रांगती असताना आई वारली. वडिलांनी दुसरं घर केलं, आणि आईचे फोटो कुठे गेले ते कोणी धड सांगत नाही. मैनामावशींनी तिला वाढवलं. त्यांच्या ट्रंकेतून आईच्या लग्नाची कॅसेट निघाली, तेव्हा वर्षाचं स्वतःचं लग्न तोंडावर आलं होतं. तिला मांडवात आईचा फोटो ठेवायचा होता.

"दादा, मी आईले पाह्यलंच नाही," ती म्हणाली होती. "तुमी मले एक चेहरा काढून द्या. बस."

कॅसेटला बुरशी लागली होती. चित्रात सारख्या आडव्या रेघा. नवरीच्या चेहऱ्याच्या जागी पिवळट डाग, त्यात दोन काळपट खड्डे. व्हिडिओ म्हणजे भराभर एकामागून एक दाखवलेले फोटो. त्यातल्या एका फोटोला आम्ही फ्रेम म्हणतो. त्यातल्या त्यात बरी फ्रेम शोधून मी अपस्केलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. हे सॉफ्टवेअर धूसर चित्र मोठं आणि स्वच्छ करतं. त्याला असंख्य चेहरे दाखवून तयार केलेलं असतं, त्यामुळे जिथे काहीच दिसत नाही तिथेही ते अंदाजाने नाक, डोळे, ओठ भरतं. मी बटण दाबलं आणि चहा सांगायला गेलो. परत येईस्तोवर बाई तयार.

खोटं कशाला सांगू, मी हरखून गेलो. लगेच तो फोटो वर्षाला फोनवर पाठवला. तिने तो स्क्रीनवर लावला, दुकानात येईल त्याला दाखवला. मावशींना फोनवरचं नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांचंच तेवढं बघायचं राहिलं होतं. इकडे माझ्या डॉक्युमेंटरीचा शेवटचा शॉटही ठरला होता. डागातून हळूहळू उमटत जाणारा चेहरा, आणि संपलं.

"गोंदण कुठं हाय तिचं?" मावशींनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे तीन हिरवट ठिपके होते. "जत्रेत दोघींनी संगंच गोंदलं. मी बोंबलली, ती हू का चू नाही."

मी मूळ फ्रेम मोठी करून पाहिली. होते. हनुवटीपाशी पुसट तीन ठिपके होते. मशीनने ते घाण समजून साफ केले होते. मला हायसं वाटलं. एवढंच ना! ब्रश घेतला, ठिपके परत बसवले, रंग जुळवला.

"आता?"

मावशींनी बराच वेळ पाहिलं. "ठिपके बरोबर हाय. बाई दुसरीच हाय."

"तू काऊन असं करून राह्यली, मावशे?" वर्षाचा आवाज चिरकला. "आता कुठं मले आई भेटली!"

मला दोघींची बाजू पटत होती, आणि तिथेच माझा गोंधळ उडाला. कॅमेऱ्यात जे आलं ते खरं, असं मी पोरांना वर्कशॉपमध्ये छातीठोकपणे सांगतो. मग हा चेहरा कोणी काढला? कॅमेऱ्याने नाही, मीही नाही. आणि तरीही मी तो माझा शॉट म्हणून मिरवणार होतो. उलट चित्रकार नुसत्या वर्णनावरून आजोबांचं चित्र काढून देतो, ते आपण बिनतक्रार भिंतीवर लावतोच की. मग मशीननेच काय घोडं मारलं? काही सुचेना. सुचेना म्हणून मी सरळ मूळ कॅसेट चालू केली.

रेघा, ढोल, अक्षता. पाटावर नवरी.

"थांबवा!" मावशी खुर्चीतून उठल्या. "हे पाहा. ही माही बहीण."

पडद्यावर तोच पिवळट डाग होता.

"मावशी, यात तर तोंडच दिसत नाही."

"तोंड राहू द्या, भाऊ. ती पाहून कुठं राह्यली ते पाहा."

नवरीची मान किंचित डावीकडे वळलेली होती. इतका वेळ ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिकडं मी उभी होती. कॅमेरावाल्याच्या बाजूले. बहीण चालली म्हणून रडून राह्यली होती. तिनं तिथूनच मले डोळे वटारले, गप म्हणून." मावशींनी पदर तोंडाला लावला. "तुमच्या मशीननं तिची नजर फिरवली."

खरंच फिरवली होती. मशीनला चेहरा समोर बघणारा लागतो. त्याने मान सरळ केली आणि बुबुळं मधोमध आणून ठेवली.

वर्षा मॉनिटरकडे बघतच म्हणाली, "म्हणून तर मले हेच पाह्यजे, मावशे. कॅसेटमंधी ती तुह्याकडं पाह्यते. इथं माह्याकडं पाहून राह्यली. माह्याकडं तिनं कवा पाह्यलं ते मले आठवतच नाही."

मूळ फ्रेम आणि नवा फोटो मी पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

मावशी एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मग त्यांनी वर्षाचं तोंड आपल्या पदराने पुसलं.

"ठेव," त्या म्हणाल्या. "माह्याकडं लय पाह्यलं तिनं. आता तुह्याकडं पाहू दे."

फोटो मांडवात लागला, गोंदणासकट. पहिलं हळदीकुंकू मावशींनीच वाहिलं. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "भाऊ, तो डागवाला मले काढून द्या." तो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

डॉक्युमेंटरीचा शेवट अजून अडला आहे. डाग आणि चेहरा, दोन्ही शॉट एडिटिंगच्या टाइमलाइनवर आहेत, रोज एक ठेवतो, दुसऱ्या दिवशी काढतो. धंद्यापुरतं एवढंच शिकलो : कॅसेट आली की बटण दाबायच्या आधी विचारतो, यातल्या नवरीला डोळ्यांनी पाहिलेलं घरात कोणी आहे का? असेल तर त्यांना आधी खुर्ची देतो.