चोराच्या हाती तांब्या

काल ओझरला दर्शनाच्या रांगेत मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला... "काय चोर, बरं हाय ना?" वळून बघतो तर आमचे जुने हवालदार, आता रिटायर झालेले. आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघत खिसे चाचपायला लागले!

वीसेक वर्षांपूर्वी इथल्याच एका मंगल कार्यालयात पोलिसांचं ट्रेनिंग होतं. विषय जरा वेगळा... आपल्याच सहकाऱ्याचा तोल सुटला, तर त्याला वेळीच कसं थांबवायचं. पुण्याहून आलेल्या मॅडमना सरावासाठी एक खोटा चोर हवा होता. माझं कापडाचं दुकान, पण जत्रेच्या नाटकात खलनायक कायम मीच. थोबाडच तसं, काय करणार!

चौकशीला समोर हे हवालदार. "त्यांना राग येईल असं बोला," मॅडम म्हणाल्या. मी सुटलोच... भर हॉलमध्ये म्हणालो, "आधी स्वतःचं पोट आवरा, मग चोर पकडा!"

सगळे खो खो हसले. हवालदारांचा चेहरा मात्र लालबुंद. "लई शाना झाला व्हय रं?" म्हणत त्यांनी माझी कॉलर धरली आणि दुसरा हात उचलला. हे आता नाटक राहिलं नव्हतं.

थांबवायचं कसं हे सकाळपासून सगळेच शिकत होते, पण एवढ्या सीनियर माणसाला आडवं जाणार कोण? मॅडम लांब स्टेजवर. बाकीचे जागच्या जागी उभे.

तेवढ्यात कोकरे नावाची एक नवीन कॉन्स्टेबल तांब्या घेऊन आली, ती सरळ आमच्या दोघांच्या मधे शिरली. "पावणं, आदी पानी घ्या." मग हवालदारांना हळूच म्हणाली, "दादा, पावण्याला पानी पिऊ द्या."

पाणी पिणाऱ्या पाहुण्यावर हात कसा उचलणार? मी तांब्या तोंडाला लावला तो सोडलाच नाही... हवालदारांचा हात हळूहळू खाली आला. ते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मलाबी दे गं पोरी."

काल रांगेत तेच आठवून ते सांगत होते. "ती मधी आली नसती, तर तुमचं दात गेलं असतं आन माजी नोकरी. तवापासनं चौकीत मानूस आणला की मी सोता त्याला पयलं पानी द्यायचो. तेवढ्यात माजंबी डोकं थंड व्हायचं."

ऐकून मला भरूनच आलं. माझे दात तर आता तसेही गेलेत, पण त्यांची पेन्शन शाबूत आहे. आणि चौकीतून मार न खाता घरी गेलेली ती सगळी माणसं... त्यांना या मुलीचं नावसुद्धा माहीत नसेल.

कोकरे ताई, तुमची बदली झाली आणि मग पत्ताच लागला नाही. ही पोस्ट पोहोचली, तर चोर आणि पोलीस दोघांचाही मनापासून नमस्कार घ्या. एकदा दुकानी या... या वेळी पाणी आम्ही देऊ.