चंद्रावतीची हेमाली आणि माझा काढा

चिखल्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणारी चंद्रावती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. फक्त माझं ऐकायची. मला सारे धाकली म्हणतात, मी गावची आशा सेविका. तिच्या बाळंतपणाला रिक्षा मीच धावत आणलेली.

तिची लेक हेमाली सहा वर्षांची. सारखा खोकला, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. २०१७ साली मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं, "शरीरात एक प्रथिन असतं. ज्या प्रथिनांचं काम संपलं त्यांच्यावर ते खूण करतं, मग पेशी त्यांना मोडून टाकते. हिच्यात ते बनतच नाही. म्हणून रोगाशी लढणाऱ्या पेशींना थांबायचं कळत नाही, त्या हिच्याच यकृतावर तुटून पडतात." चंद्रावतीनं मामाच्या मुलाशी लग्न केलेलं, दोघांकडून तोच दोष पोरीत उतरला. प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या सुरू झाल्या.

दाबायच्या! माझं डोकंच फिरलं. ती वाढवा म्हणून मी दारोदार घसा फोडते, आणि ह्या बाई दाबतात? "गोळ्या दे, पण गुळवेलीचा काढाही दे गं," मी म्हटलं. कुंपणावरची वेल मीच तोडून दिली. दवाखान्यात गावठी औषधाचं नाव काढायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. डॉक्टर ओरडतात ना!

तीन आठवड्यांत पोर पिवळीधमक झाली. तडक मुंबई गाठली, मीही सोबत गेले. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "गोळ्या लागू पडत नाहीत. आजच जहाल औषध सुरू करावं लागेल. त्यात साधा ताप आला तरी जिवावर बेतेल. दुसरं काही देता का हिला?"

"नाही," चंद्रावती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बोलले तर काम जाईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. खाटेवर हेमाली धापा टाकत होती. मेले, बोल की!

"काढा देतोय बाई. गुळवेलीचा. मीच दिला."

त्यांनी लिहिलेलं जहाल औषध खोडलं. "भडकलेल्या पेशींना तुम्ही आणखी भडकवलंत," एवढंच म्हणाल्या.

बाहेर चंद्रावती माझ्यावर फुटली. "तुला वाचवायला खोटं बोलले मी, धाकले! पोटची पोर समोर धापा टाकत असताना!" आणि ढसाढसा रडली.

काढा थांबला, महिन्याभरात डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. गोळ्या मात्र जन्माच्या.

मी अजून तिच्याकडे जाते. ती चहा करते, गप्पा मारते. पण मी दारात दिसले की आधी गोळ्यांचा डबा उचलून आत नेते. राग येतो मला, पण कुठल्या तोंडानं बोलू?