रक्त हाडात तयार होतं!

तपासणीच्या खोलीत कसले आलेत किस्से, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे तर रोज घडायचे! काचेच्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरता यायच्या, किस्से मात्र साठतच गेले. बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात मी लॅब असिस्टंट होते आणि सुशीलाबाई आमच्या डॉक्टर, तेव्हाच्या या गोष्टी.

*

नोकरीचा पहिलाच दिवस. बाईंनी विचारलं, रक्त कुठं तयार होतं? मी ठासून सांगितलं, हृदयात. बाईंनी लगेच शिपाई महादूला बुधवारा भागात खाटकाकडे धाडलं आणि कोवळ्या बोकडाची बरगडी मागवली. ती चिमट्यात दाबली तसा लालसर गर बाहेर आला. तो पट्टीवर पसरून, रंगवून त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवला.

मी डोळा लावला आणि उठायलाच तयार होईना! लहान, मोठ्या, निळ्या, गुलाबी, नुसत्या पेशीच पेशी. ही अस्थिमज्जा, बाईंनी सांगितलं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या बारीक चकत्या, सगळ्यांचं माहेर हेच.

महादू केव्हाचा मागं उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "बाई, उरलेली बरगडी मी नेऊ का? रस्सा चांगला होतो."

*

मी ही बातमी गावभर सांगत सुटले. सिंधीपुऱ्यातले माझे सायन्सचे मास्तर भडकले. 'हृदयात' हे उत्तर मला त्यांनीच शिकवलं होतं ना! दुसऱ्या दिवशी ते थेट लॅबमध्ये आले. बाईंनी खुर्ची दिली, तीच पट्टी दाखवली. मास्तर पाऊण तास बघत बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "लीला, मी वीस वर्षं चुकीचं शिकवलं. आता ती सगळी पोरं गोळा कुठून करू?"

पण करायला लागले बरं का! आठवड्याभरात एक पोस्टमन आणि एक केळीचा व्यापारी लॅबच्या दारात हजर. म्हणे, सरांनी रक्त बघायला पाठवलंय.

*

अवघड पट्ट्या आम्ही नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचो. मग छप्पन साली राज्यांची नवी मांडणी झाली, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आमची पेटी न उघडता परत आली, आता तुमचं राज्य वेगळं म्हणून. भोपाळहून कळलं की तिथं अजून सोय नाही.

बाईंनी पेटी उघडून पट्ट्या टेबलावर मांडल्या. "मज्जा काय राज्य बघून बदलते? आपणच शिकू." त्यांनी टपालानं एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि रोज दुपारी आम्ही दोघी ते घेऊन बसायला लागलो.

*

त्यानंतर चांदनी गावाहून यमुना आली. बाळंत होऊन दोन महिने झालेले, चेहरा पांढराफटक, चार पावलांत धाप. लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, फरक शून्य. छातीच्या मधल्या हाडात सुई घालून मज्जा बघावी लागेल, असं बाईंनी सांगितलं. तिचा नवरा शिवदास, केळी लावणारा शेतकरी, हात जोडून म्हणाला, "तिच्याऐवजी माझं काढा. माझं हाड मोठं आहे." यमुनेनंच त्याला गप्प केलं आणि टेबलावर आडवी झाली.

पट्टीवर मोठाल्या, कच्च्या पेशी दिसल्या. पूर्ण वाढायच्या आतच मरत होत्या. बाईंनी निदान केलं, मज्जा काम करतेय, तिला फॉलिक अ‍ॅसिड मिळत नाहीये. पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी मी यमुनेच्या बोटातून थेंब घ्यायचे. पाच दिवस काहीच नाही. शिवदास वऱ्हांड्यातच बसून.

सहाव्या दिवशी पट्टीवर कोवळ्या तांबड्या पेशींची ही गर्दी! मी पळतच सुटले. बाईंनी दोनदा बघून खात्री केली आणि मला म्हणाल्या, आधी तिच्या नवऱ्याला बोलाव.

मी त्याला स्टुलावर बसवलं. "हे यमुनेचं रक्त. तिच्या हाडांतून नवीन निघालंय."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, एक डोळा मिटून दुसरा लावला. मग मायक्रोस्कोपच्या नळीशी ओठ नेऊन अगदी हळू म्हणाला, "यमुने, मी इथंच आहे वं."