नऊ जादा लॉट आणि कोनफळाचे काप

सुजितच्या हातून जे झालं ते कोनफळाच्या एका कापामुळे झालं. निदान पहिले दोन दिवस तो स्वतःला तसं सांगत होता.

बुधवार, चोवीस डिसेंबर, दुपारचे तीन. केळव्याच्या एका होमस्टेला नाताळसाठी चाळीस प्लेट द्यायच्या होत्या आणि बोईसरच्या सुगंधाताईंचे दोन्ही हात मुगाच्या पिठात मनगटापर्यंत बुडालेले होते. त्यामुळे त्यांचा मोबाइल सुजितच्या हातात होता. ताईंना या महिन्याचा एक लॉट घ्यायचा होता. एक लॉट म्हणजे हजार डॉलरचा जानेवारीचा वायदा; हातात डॉलर येत नाहीत, भावातला फरक तेवढा मिळतो किंवा जातो. सुजितने सगळं बरोबर भरलं. मग डाव्या हाताने तव्यावरचा एक काप उचलला, हिरव्या चटणीत बुडवला आणि तोंडाकडे नेता नेता चटणीचा थेंब नेमका मोबाइलवर पडला. त्याने तो अंगठ्याने पुसला. थेंब गेला, आणि जाता जाता एकापुढे शून्य ठेवून गेला.

"वाच," ताई म्हणाल्या.

"एक लॉट, खरेदी," सुजित भरल्या तोंडाने म्हणाला. हे वाचणं नव्हतं, पाठ म्हणणं होतं.

"दाब."

त्याने दाबलं.

या वाचायला लावण्याचीही एक गोष्ट आहे. ताईंचे यजमान वामनराव तारापूरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये होते. सांगणाऱ्याने सांगायचं, करणाऱ्याने तेच परत म्हणायचं, सांगणाऱ्याने होकार द्यायचा, मगच बटणाला हात लावायचा, ही तिथली शिस्त. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ वर्षभरात बंद पडलं, शिस्त मात्र घरात चालू राहिली. "एक कप, बिनसाखरेचा." "एक कप, बिनसाखरेचा." "बरोबर." नवख्या पाहुण्याला वाटायचं, या घरात सगळ्यांना कमी ऐकू येतं. पण ताई त्याच्याही एक पाऊल पुढे जायच्या: वाचून झाल्यावर स्वतः डोळ्यांनी पडदा बघायच्या. त्या दिवशी पिठाचे हात वर करून त्या म्हणाल्या, "तू वाचलंस ना? मग मी नाही बघत आता."

सुजितला हाताशी घेतल्यापासून, सात महिन्यांत पहिल्यांदा.

सुजित परभणीचा. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात, रात्रपाळीला, आणि राहायला ताईंच्या शेजारची खोली. मे महिन्यात तो ताईंच्या दारात रडवेला होऊन उभा राहिला होता. मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये, सिंहाचा फोटो लावलेल्या 'सरां'च्या सांगण्यावरून त्याने एका परदेशी ॲपवर बावीस हजार घालवले होते.

"त्या सिंहाचं नाव काय?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"रिझर्व्ह बँकेच्या साइटवर नको त्या ॲपांची यादी आहे. बघितलीस?"

"नाही."

"भाजीवाल्याकडे वांगं घेताना देठ बघतोस की नाही? इथं बावीस हजार दिलेस आणि देठ नाही बघितलास!"

त्या दिवसापासून सुजितची शिकवणी सुरू झाली. ताईंचं स्वतःचं कारण साधं होतं. मुलगी प्रतीक्षा अमेरिकेत शिकते, जानेवारीच्या दहा तारखेला पाच हजार डॉलरचा हप्ता. म्हणून ऑगस्टपासून दर महिन्याला एक, असे पाच लॉट. डॉलर महागला तर लॉटमधून मिळतं ते फीत जातं. स्वस्त झाला तर लॉटमध्ये जातं ते फीत वाचतं. "यात कमाई नाही," त्या सांगायच्या, "यात झोप आहे." भाव फक्त शुक्रवारी संध्याकाळी बघायचा, कारण रोज भाव बघणारा माणूस रोज काहीतरी करून बसतो.

"मग मी कधी घ्यायचा?" सुजित विचारायचा.

"तुला डॉलरमध्ये कुणाचं काय द्यायचंय?"

"काही नाही."

"मग वहीत घे. नियमातही तेच बसतं आणि अकलेतही."

सात महिने सुजित दोनशे पानी वहीत डॉलर घेत आणि विकत होता. वहीत त्याला अकरा हजार फायदा झाला होता. वहीतल्या पैशाची भेळसुद्धा येत नाही हे त्याचं दुःख होतं.

आणि बुधवारी तीन वाजून पाच मिनिटांनी त्याने मोबाइलवर आलेला निरोप वाचला. या वेळी खरंच वाचला. दहा लॉट.

बाजार पाचला बंद होतो. जादाचे नऊ तेव्हाच विकले असते तर चहाच्या पैशांवर भागलं असतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात भाव तीन पैशांनी वर सरकला. नऊ लॉट, एका पैशाला नव्वद रुपये, तीन पैशांचे दोनशे सत्तर. वहीतले नव्हेत, खरे. सुजितने तोंड मिटलं. उद्या नाताळची सुट्टी, परवा उघडताच अजून वर जाईल, मग हजार-दोन हजार फायद्यासकट सांगू, ताई, ही तुमची नाताळची भेट. मग बघू या मला वहीत कोण ठेवतं! बोटाची चूक होती ती तिथंच संपली. पुढचं सगळं डोक्याने केलं.

"काप कसे झालेत?" ताईंनी विचारलं.

"छान," तो म्हणाला, आणि ताईंनी मायेने अजून दोन त्याच्या हातावर ठेवले. ते त्याला गिळता गिळेनात.

ताईंच्या या पदार्थांना मुंबईकर पाहुणे हेल्दी म्हणतात. कोनफळाचे काप तव्यावर चमचाभर तेलात, मोडाच्या मुगाच्या रुपयाएवढ्या इडल्या, नाचणीच्या भाजक्या पापडीवर दही आणि डाळिंबाचे दाणे. ताई मूळच्या धुळ्याच्या. त्या हसून म्हणायच्या, "घरात तेल पुरायचं नाही म्हणून आई असंच करायची. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे. आता कार्ड छापून लावतात आणि प्लेटला दीडशे देतात." पण कामात हयगय नाही. दही आदल्या दिवशीचं नको, पापडीवर दही आधी घालायचं नाही, ते तिथं जाऊन. पापडी मऊ पडली तर पाहुणा तक्रार करत नाही, पुढच्या वर्षी येत नाही.

नाताळच्या दिवशी सुजितला जेवण गेलं नाही. वामनरावांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," ते म्हणाले. ताईंनी तरी मुगाचं कढण पाठवलं. माणसाने अपराध केला की शेजाऱ्याने एक तर भांडावं किंवा गप्प बसावं. कढण पाठवणं हा निव्वळ छळ आहे.

शुक्रवारी सकाळी मासवणकडून कंद विकणारी जिवली कोनफळाचं गाठोडं घेऊन आली. साठ प्लेटची ऑर्डर होती, दारात वजन चाललं होतं. सुजित पायरीवर स्वतःचा मोबाइल धरून बसलेला. बाजार उघडला होता आणि डॉलर खाली आला होता. चाळीस पैसे. तीन हजार सहाशे.

"दादा, तोंड कशाला पाडलास?" जिवली म्हणाली. "ताईनी जेवाला नाय दिला का?"

"अगं, तोच जेवत नाही," ताई आतून म्हणाल्या. "पोरगी बघितली असेल."

"मंग बरा हाय. मोबाइलात बगतो ती हीच काय?"

दोघी हसल्या. सुजितही हसला, कारण न हसण्याचं कारण सांगावं लागलं असतं. तेव्हाच सांगितलं असतं तर तीन हजार सहाशेवर मिटलं असतं. पण जरा वर येऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं. हेच तो सिंहवाल्या ॲपवरही ठरवत आला होता. साडेअकराला टेम्पोत डबे चढवताना साठ पैसे. केळवे-माहीमच्या रस्त्याला लागले तेव्हा पंचाहत्तर. टेम्पोत पुढे ताई नातेवाइकासारख्या गप्पा मारत होत्या: प्रतीक्षाला तिकडे थंडी किती, सहा माणसांत एकच स्वयंपाकघर कसं, आणि या आठवड्याच्या प्लेटांचे सगळे मिळून नऊ हजार सुटले की तिला एक चांगला कोट कसा घ्यायला सांगणार. सुजितच्या मांडीवर दह्याचं पातेलं होतं. ते हिंदकळत होतं ते खड्ड्यांमुळे की त्याच्यामुळे, हे त्याचं त्यालाही कळेना.

केळव्याला पोफळीच्या बागेमागच्या ओट्यावर त्यांनी साठ प्लेट मांडल्या. एक वाजला. नव्वद पैसे. आठ हजार शंभर. चार तासांनी बाजार बंद होणार, आणि मग शुक्रवारची संध्याकाळ, ताई मोबाइल उघडणार. कोट गेला होताच. आता दर तासाला अजून काहीतरी जात होतं, आणि ते त्याच्या गप्प बसण्याने जात होतं.

"ताई," तो म्हणाला, "बुधवारी मी एक नाही, दहा घेतले."

ताई पापडीवर दही घालत होत्या. चमचा थांबला.

"कळलं कधी?"

"पाच मिनिटांत."

"आणि सांगतोयस आज?"

"तीन पैसे वर होतं, म्हणून..."

ताईंनी चमचा ठेवला, हात धुतले, पदराला पुसले, पिशवीतून आपला मोबाइल काढला. जादाचे नऊ लॉट स्वतः विकले. स्वतः वाचलं, दोनदा. मग मोबाइल पिशवीत टाकला आणि पुन्हा दही घालू लागल्या.

"आपले पाच?" सुजितने हळूच विचारलं.

"ते पडले तर फी तितकीच स्वस्त झाली. त्या नऊंच्या पलीकडच्या पारड्यात काय होतं? तुझी हौस." एक प्लेट पुरी झाली, दुसरी ओढली. "भाव पडला त्याचं नाही रे. बुधवारी मी बघितलं नाही, ते तू होतास म्हणून."

त्यांनी त्याला चांगलं झोडपलं असतं तर सुजितला पोटभर जेवल्यासारखं वाटलं असतं. त्या नुसत्या डाळिंबाचे दाणे पेरत राहिल्या. मग तोच बोलायला लागला आणि थांबेना. तो नालायक आहे, आईला तोंड दाखवायची लाज वाटते, वही जाळून टाकतो, खोली सोडून जातो, मोबाइल समुद्रात फेकतो, समुद्र इथं जवळच आहे. शेवटी म्हणाला,

"ताई, मी तुम्हाला पुन्हा तोंड दाखवणार नाही."

ताईंनी शेवटच्या प्लेटवर दाणे टाकले आणि मान वर न करता म्हणाल्या,

"तोंडाचं तू बघ, आठ हजार शंभर रुपये जानेवारीच्या नऊ तारखेच्या आत आणून दे."