गौरीच्या आधी मीच बोलले

बायकांनो, दुपारपासून डोकं गरगरतंय. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

माझी गौरी म्हैसूरला बीकॉम करते. तिला ऑटिझम आहे. विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो, गोंगाटात कान झाकून बसते. म्हणून वर्षभर मी नंजनगूडहून रोज तिच्याबरोबर बसने जाते आणि वर्गाबाहेर बसून राहते. पोरं ओरडली की त्यांना दटावते.

आज परीक्षेत तिच्यासाठी खास सोय मागायला कॉलेजच्या मॅडमकडे गेलो. मॅडमनी गौरीला विचारलं, "तुला काय काय लागेल?"

मी लगेच सांगितलं, "वेगळी खोली, जास्त वेळ, आणि दाराशी मी."

मॅडम म्हणाल्या, "अम्मा, स्वल्प सुम्निरी." मला गप्प बसवलं! मी म्हटलं, "अहो, ती नाही बोलायची. आमची बस चुकेल."

त्या गौरीकडे बघत नुसत्या थांबल्या. चार मिनिटं!

मग गौरी बोलली, "खोली नको. पंखा बंद हवा. आई घरी हवी."

पंखा! आणि मी वर्षभर पोरांवर ओरडत होते.

बसमध्ये विचारलं, "आधी का नाही सांगितलंस गं?"

कडकोळचा थांबा मागे पडला तेव्हा म्हणाली, "तू थांबतच नाहीस."

रागवू की खूश होऊ, कळेना. उद्या एकच डबा भरायचाय. तिला एकटीला बसमध्ये बसवून मागे फिरायचं कसं हो? कुणी केलंय का असं?