जुमेरा लेक टॉवर्समधला लाँड्रीवाल्याचा खटला

विमान अबूधाबीवर उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला. काठाशी दुधी, पुढे हिरवा, त्याच्याही पुढे गडद निळा. मग वाळू आली आणि त्या वाळूवर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी मांडलेली घरं. मी कपाळ काचेला लावून बघत राहिले. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात उभं आयुष्य वकिली करताना मी दिल्लीपलीकडे कधी गेले नव्हते.

खरं सांगायचं तर मी फिरायला निघालेच नव्हते. ते २००९ साल होतं. जगभर मंदी होती आणि आमचे जावई अभिजित दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनीअर होते. काम थांबलं आणि नोकरी गेली. तिथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. मग थोड्या दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. मुलीचा, मुग्धाचा, फोन आला तेव्हा तिचा आवाज नको इतका शांत होता. मी माझ्या तारखा ज्युनिअरच्या हाती सोपवल्या, मेतकूट आणि कुरडया बांधल्या आणि धीर द्यायला निघाले.

विमानतळावर अभिजित हार घेऊन उभे. "आई, दरवेळी भारतात तुमच्याकडे मी उशिरा पोचतो ना? आज बघा, तासभर आधी आलोय. आता वेळच वेळ आहे!" असं म्हणून ते इतके मनमोकळे हसले की मी तयार करून आणलेली सांत्वनाची वाक्यं पर्समध्येच राहिली.

त्यांचं घर मोहम्मद बिन झायद सिटीत होतं. मुसफ्फाहच्या वर्कशॉप्सच्या बाजूची ही नवी वस्ती. रुंद रस्ते, वाळूच्याच रंगाचे बंगले आणि प्रत्येक फाटकाआड कुठल्या ना कुठल्या देशाचं बिऱ्हाड. मुग्धाकडे एका बंगल्याचा वरचा मजला होता. खाली एक इजिप्शियन कुटुंब राहायचं. मी पोचले त्याच संध्याकाळी खालच्या वहिनी महशी (भात भरून शिजवलेली वांगी, मिरच्या) घेऊन वर आल्या. मुग्धाने त्यांच्या भांड्यात कुरडया तळून घातल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी जिन्यात दोघींच्या गप्पा अर्धा तास चालल्या.

माझी नात इरा सोळा वर्षांची. जन्म अबूधाबीचा, आणि मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीतून. मी हातपाय धुऊन बसते न बसते तोच ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"आजी, यू आर अ लॉयर, राइट? आय नीड यू."

शाळाशाळांमध्ये अभिरूप न्यायालयाची स्पर्धा होती. विषय होता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे एकोणिसाव्या शतकातले निकाल. प्रत्येक शाळेने एक जुना खटला नव्याने लढवायचा. इराच्या वाट्याला आलेला खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी लाँड्रीवाल्याचा होता. शहराने नियम केला होता की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी हवी. कारण आगीचं. पण परवानगीचे अर्ज आले तेव्हा चिनी लोकांचे सगळे नामंजूर झाले आणि बाकीच्यांचे जवळजवळ सगळे मंजूर. हा गृहस्थ वर्षानुवर्षं त्याच जागी कपडे धूत होता. त्याने लाँड्री बंद केली नाही, दंड भरला नाही, आणि तुरुंगात गेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडवलं. कायदा कागदावर सरळ दिसत असला तरी राबवताना दुजाभाव झाला तर तो चालायचा नाही, असा निकाल दिला. एकमताने.

"अरे वा! मग तुझं काम सोपं आहे," मी म्हटलं.

"नो, आजी! मी शहराच्या साइडने आहे. आय हॅव टू आर्ग्यू फॉर द बॅड गाइज्. अँड दे लॉस्ट. ऑल द जजेस!" आणि तिचे डोळे चक्क भरले. तिच्यासोबत बोलणारा मुलगा, रोहन, तिला बजावत होता की काही झालं तरी कुठलाच मुद्दा कबूल करायचा नाही.

मला मात्र उत्साह चढला. "बाळा, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं हरणारी बाजू घेऊनच येतात. त्यांनाही वकील लागतोच. चल, बस."

पुढचे काही दिवस जेवणाच्या टेबलावर कोर्ट भरलं. अभिजित न्यायाधीश झाले आणि पोळी लाटता लाटता मुग्धा बेलिफ. त्या खटल्याचा सगळा जोर अमेरिकन घटनेतल्या दोन शब्दांवर होता. समान संरक्षण 'कोणत्याही व्यक्तीला' आहे, असं तिथे लिहिलंय. नागरिकाला असं लिहिलेलं नाही. मी सवयीने म्हणाले, "म्हणजे आपल्या कोर्टाच्या भाषेत, कोणताही इसम."

इरा एकदम थांबली. "इसम? आजी, दॅट्स अरेबिक! शाळेत शिकवतात. इस्म म्हणजे नाव."

मी चाट पडले. हजारो अर्जांत 'सदर इसम' लिहून हात झिजले, पण तो शब्द इथून समुद्र ओलांडून माझ्या टंकलेखकापर्यंत आलाय हे मला नातीने सांगितलं. त्या दिवशी आम्ही घरात सगळ्यांना इसम म्हणून हाका मारल्या. "सदर इसमाने भाजी संपवावी," असा अभिजितनी हुकूमच काढला.

आगीचा मुद्दा नीट मांडायचा तर लाँड्री पाहायला हवी, असं मी सुचवलं. इराचे शाळेचे कपडे मुसफ्फाहमधल्या शमसुभाईंच्या लाँड्रीत जायचे. शमसुभाई केरळचे, पांढऱ्या मिशांचे, उंचीला बेताचे. त्यांच्या हिंदीत प्रत्येक गोष्ट पुल्लिंगी होती. दुकानात वाफेचा, साबणाचा आणि गरम सुती कापडाचा वास दाटलेला. वर तारांवर कंदुरे (तिथल्या पुरुषांचे घोळदार पांढरे अंगरखे) ओळीने लटकत होते.

इराने त्यांना सगळा खटला समजावला. ते कमरेवर हात ठेवून ऐकत होते. मग डोळे मोठे करून म्हणाले, "मतलब तुम लाँड्रीवाला के खिलाफ केस लड़ेगा? मेरा दुकान में खड़ा होके?"

"फक्त प्रॅक्टिस आहे, अंकल," इरा ओशाळली.

"लड़ो, लड़ो! लेकिन पहले इस्तरी उठाओ."

तिने जड इस्त्री उचलली, उशीच्या अभ्र्यावर फिरवली आणि जरा रेंगाळली. करपल्याचा वास आला. "खलास! (संपलं!)" शमसुभाई ओरडले आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. पण इराचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. "आजी, लाकडी घरात हे खरंच डेंजरस असेल. द फायर इज रिअल." तिला तिचा मुद्दा सापडला होता. शमसुभाईंनी आम्हाला करक (घट्ट उकळलेला दुधाचा चहा) पाजला. करपलेल्या अभ्र्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

शनिवारी स्पर्धा. ती दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कार्यालयाच्या सभागृहात होती. सकाळी आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना सपाट वाळू, मधूनच उंटांचा कळप, आणि मागच्या सीटवर पुटपुटत पाठ करणारी इरा. मग दुबईचे मनोरे वर येऊ लागले. त्यांच्या डोक्यांवर क्रेन होत्या, पण एकही हलत नव्हती. अभिजितनी वेग कमी केला.

"आई, ती बघा, माझी. गळ्यापर्यंत आली आणि थांबली."

डोकं नसलेली एक राखाडी इमारत होती. ते तिच्याकडे जसे बघत होते तसं मी माणसांना रुग्णालयाच्या खाटेकडे बघताना पाहिलंय. मागून इरा म्हणाली, "बाबा, इट्स स्टिल स्टँडिंग. यू डिड दॅट." अभिजितनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यल्ला, (चला,) उशीर होतोय."

आणि उशीर खरंच झाला. आम्हाला हवा तो टॉवर समोर दिसत होता, हात लांबवला तर लागेल इतका जवळ, पण रस्ता काही तिकडे जाईना. पुलावर चढलो तर मेन रोडला लागलो, परत वळलो तर तळ्याच्या दुसऱ्या काठाला. मुग्धा म्हणाली, "उजवीकडे." अभिजित म्हणाले, "उजवीकडे रस्ताच नाही, तळं आहे." शेवटी एका पाकिस्तानी टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "कहाँ जाना है?" आमची दशा ऐकून तो म्हणाला, "मेरे पीछे आओ," आणि थेट दारापर्यंत सोडून हात हलवत निघून गेला. इरा जिन्यावरून धावली ती बूट हातात घेऊनच.

सभागृह छान होतं. बाहेरच्या निम्म्या खोल्या मात्र रिकाम्या होत्या. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. समोर न्यायाधीश म्हणून तीन वकील बसले होते. एक इंग्रज बाई, एक तरुण लेबनीज आणि मधोमध कंदुऱ्यातले एक प्रौढ एमिराती गृहस्थ.

लाँड्रीवाल्याच्या बाजूने एक चुणचुणीत मुलगी बोलली. टाळ्या मिळवणारं भाषण. मग इरा उभी राहिली. पहिलं वाक्य जरा कापरं निघालं. दुसऱ्यापासून तिला आवाज सापडला. लाकडी शहर, दाटीवाटीची घरं, तापलेल्या इस्त्र्या. एका ठिणगीने कितीजण बेघर होतील, हे तिने असं उभं केलं की मलाच धुराचा वास आला.

तेवढ्यात मधल्या न्यायाधीशांनी हात वर केला. शांतपणे इंग्रजीत विचारलं, "हा माणूस त्या देशाचा नागरिक नव्हता. मग 'कोणतीही व्यक्ती' यात तो येतो का?"

रोहन खालून मान जोरात हलवत होता, नाही म्हण, नाही म्हण. आणि मला एकदम जाणवलं की हा प्रश्न ते कुणाला विचारताहेत. ज्या गावात ती जन्मली, रांगली, सायकल शिकली, तिथे ती वडिलांच्या व्हिसावर राहत होती, आणि तो व्हिसा आता काही आठवड्यांचाच उरला होता. शेजारी मुग्धाने माझा हात घट्ट धरला.

इराने कागदाकडे पाहिलं नाही. "येस, युअर ऑनर," ती म्हणाली. "ही इज अ पर्सन. मी तो मुद्दा सोडते." मग श्वास घेऊन पुढे म्हणाली, "पण आग माणसाचा देश विचारत नाही. नियम सर्वांना सारखा लावावा, असा हुकूम कोर्टाने द्यावा. नियमच मोडीत काढू नये." ती मान ताठ ठेवून, न अडखळता शेवटपर्यंत बोलली. अर्थात सगळं इंग्रजीत. मराठी मी इथे केलंय.

ती हरली. तिन्ही न्यायाधीशांनी लाँड्रीवाल्याला सोडलं, आणि फेरीतही दुसरी शाळा पुढे गेली. रोहन जरा फुरंगटून बसला. पण बाहेर चहाच्या टेबलापाशी ते एमिराती गृहस्थ माझ्याकडे आले. साडी पाहून अस्खलित हिंदीत बोलले. त्यांचे आजोबा मुंबईला खजूर घेऊन जायचे म्हणे.

"बच्ची आपकी है?"

"नातिन है. मैं भी वकील हूँ."

"तो आप जानती हैं," ते हसून म्हणाले, "क्या छोड़ना है, यह सीखने में मुझे दस साल लगे."

मला अजून पुरतं जमलेलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

परतण्याआधी अभिजितना दुबईतल्याच रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये भेटायला जायचं होतं. लोखंडी सांगाड्यांचं काम, पूर्वीपेक्षा खूप लहान नोकरी. ते आत गेले आणि आम्ही तिघी जवळच खाडीच्या काठी पक्षी बघायला थांबलो. गोदामं, ट्रक, धूळ, आणि त्यांच्या शेजारी उथळ पाण्यात शेकडो गुलाबी रोहित पक्षी. एका पायावर, चोच पाण्यात घालून, कुणाचीही पर्वा न करता उभे. इरा लाकडी कठड्याला रेलून मला आपले सगळे युक्तिवाद पुन्हा ऐकवत होती. या वेळी दोन्ही बाजूंचे.

अभिजित तासाभराने आले. शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, हाताला ग्रीस. "साहेब म्हणाले, इंजिनीअर हवाय, पण मशिनला हात लावणारा. मी लावून दाखवला."

"मग?" मुग्धाने विचारलं.

"उद्यापासूनच ये म्हणाले. व्हिसाचे कागद ते करतील, इन्शाल्ला (देवाची इच्छा असेल तर)."

मुग्धा रडेल असं मला वाटलं होतं. तिने रुमाल काढून आधी त्यांचा हात पुसला आणि मग त्याच रुमालाने डोळे. आम्ही गाडीत बसून शोरमा (रोटीत गुंडाळलेलं भाजलेलं चिकन) खाल्ला. सॉस इराच्या कोटावर सांडला आणि कुणीही तिला रागावलं नाही.

मी सांगलीला परतले. अभिजितचे कागद झाले, घर मात्र लहान घ्यावं लागलं. इजिप्शियन वहिनींनी निरोप देताना इतकं जेवण दिलं की नव्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. ती नोकरी किती टिकेल हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, अभिजितनाही नाही. तरी त्या घरात मी जितकी हसले तितकी त्याआधी कित्येक वर्षांत हसले नव्हते. संकट दारात असताना माणसं नुसती चिंता करत बसत नाहीत, एकमेकांना हसवतातही, हे मला पक्षकारांच्या घरात कधी दिसलं नव्हतं. ती माणसं माझ्यापुढे येतात तेव्हा भांडून आलेली असतात.

बार रूममध्ये सगळ्यांनी गराडा घातला. उंच इमारत पाहिली का, सोनं आणलं का, वाळवंटात गेलात का. इमारत मी लांबून पाहिली, सोनं आणलं नाही, वाळवंट गाडीतून दिसलं.

"मग एवढं जाऊन पाहिलंत तरी काय, मॅडम?"

"आमची नात हरताना पाहिली," मी म्हटलं. "आणि काय सुंदर हरली!"